मुलगा 'कायनेस्थेटिक' आहे म्हणून शाळा सोडवू का?

(पत्र लिहिणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्याचा सारांश असा.)

"मला दोन मुलं. मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत. मुलगी साडेसहा वर्षांची, त्याच शाळेत पहिलीत. मुलगा घरी एकदम तल्लख. सायकलची उतरलेली चेन स्वतः बसवतो, गावी आजोबांकडच्या कोंबड्यांचं सगळं त्याला तोंडपाठ. शाळेच्या वह्या मात्र लाल शेऱ्यांनी भरलेल्या. डिक्टेशनला दहापैकी दोन-तीन. जागेवर बसत नाही ही बाईंची कायमची तक्रार. हल्ली रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. मध्यंतरी शाळेत एका कंपनीने बोटांचे ठसे घेऊन मुलांच्या बुद्धिमत्तेची चाचणी केली. रिपोर्टमध्ये मुलगा 'कायनेस्थेटिक लर्नर' (हालचालीतून शिकणारा) आणि मुलगी 'व्हिज्युअल लर्नर' (बघून शिकणारी) निघाली. तेव्हापासून वाटतंय, माझ्या मुलांना चुकीच्या पद्धतीने शिकवलं जातंय. दोघांनाही शाळेतून काढून त्यांच्या शैलीप्रमाणे, आवडीप्रमाणे घरी शिकवावं. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, नोकरी सोडायची तयारी आहे. यजमान म्हणतात, तुला जमेल असं वाटत असेल तर कर. सासूबाई म्हणतात, घरी बसवलेलं पोर वाया जातं. मुलीला शाळा आवडते, पण दोघांना वेगवेगळं कसं वागवू? कायद्याने हे चालतं का? दहावीचं काय? आणि सासूबाईंना काय सांगू?"

ताई,

सगळ्यात आधी तो बोटांच्या ठशांचा रिपोर्ट कपाटात ठेवून द्या आणि त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका. बोटांवरच्या रेषा मूल पोटात असताना, गरोदरपणाच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांच्यावरून मूल कसं शिकेल हे ओळखता येतं, याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशा चाचण्या अशास्त्रीय असल्याचं सांगितलं आहे. तुम्ही फसलात असं मला म्हणायचं नाही. शाळेच्या आवारात, शाळेच्या परवानगीने झालेली चाचणी आईबाप खरी मानणारच.

ठसे सोडून देऊ. पण मुलं 'बघून शिकणारी', 'ऐकून शिकणारी', 'हालचालीतून शिकणारी' अशा गटांत मोडतात, हा समज तुमच्या पत्राच्या मुळाशी आहे आणि तो शिक्षकांमध्येही खोलवर रुजलेला आहे. म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांची कसोटी सरळ होती: 'बघून शिकणाऱ्या' मुलांना दाखवून शिकवल्यावर ती जास्त शिकली आणि 'ऐकून शिकणारी' मुलं ऐकवल्यावर जास्त शिकली, असं नीट तुलना करून दिसतं का? तसा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते हा, म्हणजे बहुविध बुद्धिमत्तांचा, सिद्धान्त १९८३ मध्ये मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. बुद्धिमत्तांचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं आहे.

मुलांना आपापली पसंती असते, हे खरंच. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गोष्ट ऐकायला. पण एखादी गोष्ट कशी शिकवायची हे बहुतेक वेळा ती गोष्टच ठरवते. महाराष्ट्राचा नकाशा बघूनच कळणार, कविता ऐकून आणि म्हणून, पोहणं पाण्यात उतरून. तुमच्या लेकीला 'व्हिज्युअल' म्हणून तालात टाळ्या वाजवण्यापासून लांब ठेवणार का? मला जास्त भीती वाटते ती तुमच्या मुलाच्या बाबतीत. 'मी हालचालीतून शिकणारा, वाचन माझं नव्हे' असं नवव्या वर्षी त्याच्या मनात बसलं, तर ज्या गोष्टीला आत्ता सगळ्यात जास्त मदत हवी आहे तीच तो सोडून देईल.

मुलं एकमेकांहून वेगळी असतात हे तुमचं निरीक्षण मात्र शंभर टक्के खरं आहे. फक्त तो वेगळेपणा दुसऱ्या गोष्टींत शोधायला हवा: मुलाला आधीपासून काय येतं, कोणत्या भाषेत त्याला विचार करणं सोपं जातं, किती वेळ लक्ष टिकतं, कशाची ओढ आहे, आणि कुठे खरीखुरी अडचण आहे.

ही अडचण मला तुमच्या पत्रात दिसते. बोलण्यात तल्लख, हाताने हुशार, आणि डिक्टेशनला दहापैकी दोन. असं मूल 'कायनेस्थेटिक' ठरवून मोकळं होण्याआधी घरी एक साधी गोष्ट करून बघा. बालभारतीचं तिसरीचं मराठीचं पुस्तक आणा. एक न वाचलेला धडा त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका, चुका दुरुस्त करू नका, फक्त ऐका. जोडाक्षरांपाशी अडतो का, ओळ सुटते का, पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकून देतो का, हे टिपून ठेवा. मग दुसरा तेवढाच धडा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यात काय होतं ते त्याला सांगायला सांगा.

मराठी तो बऱ्यापैकी वाचत असेल आणि इंग्रजीतच गाडी अडत असेल, तर प्रश्न बहुतेक माध्यमाचा आहे. घरात एक शब्द इंग्रजी नाही, गावी आजोबांशी सगळा संवाद मराठीत, आणि शाळेत परिसर अभ्यासापासून गणितापर्यंत सगळं इंग्रजीत! विषय कळत नाही की भाषा कळत नाही, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. उलट, ऐकलेलं सगळं नीट सांगतो पण वाचताना दोन्ही भाषांत धडपडतो, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. डिसलेक्सिया हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्यात बुद्धीला काहीही कमी नसतं, छापील अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. आठ वर्षांच्या पुढे ही तपासणी भरवशाने करता येते, म्हणजे तुमच्या मुलाचं वय अगदी योग्य आहे. मुंबईत सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्यासाठी वेगळी क्लिनिक आहेत. १९९६ पासून काम करणारी महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशनही मुंबईत आहे. नाशकात जिल्हा रुग्णालयात आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे आधी चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि आपलं राज्य मंडळ परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देतं. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अशा मुलांना वाचायला शिकवण्याची ठरावीक पद्धत असते, आणि ती वेळेत मिळाली तर मुलं वाचायला लागतात. हे न तपासता त्याला घरी आणलं, तर अडचणही त्याच्याबरोबर घरी येईल आणि मग लाल शेऱ्यांची जागा आईचा चढलेला आवाज घेईल.

याच फेरीत डोळे आणि कानही तपासून घ्या. आणि रोजच्या पोटदुखीकडे दुर्लक्ष करू नका. रविवारी दुखतं का? सुट्टीत दुखतं का? कोणत्या तासाच्या दिवशी जास्त दुखतं? वर्गात कुणी चिडवतं, मारतं, बाई सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवतात, असं काही आहे का, हे त्याला समोर बसवून विचारू नका. सायकल पुसता पुसता विचारा. दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत त्याला त्रास दिला जात असेल आणि शाळा दाद देत नसेल, तर बाकीचं सगळं नंतर, आधी त्याला तिथून बाहेर काढा.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, ही शाळा किंवा घर. मध्ये बरंच काही आहे. मूल स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अनुभवातून शिकतं या विचारावर आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या आणि टिकल्या. कोल्हापूरचं लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय, पुण्याची अक्षरनंदन, फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेलं कमला निंबकर बालभवन. तुमच्या नाशकातही आनंद निकेतन आहे. या सगळ्यांच्या मागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर केलेलं काम आहे. घुंगरू, शिंपले, बिया, पानं अशी परिसरात मिळतील ती साधनं घेऊन त्यांनी आदिवासी मुलांना शिकवलं. अशा शाळेत दोन दिवस जाऊन बसा, वर्ग बघा. चौथीतून पाचवीत जाताना माध्यम बदलणं अजिबात उशिराचं नाही. इंग्रजी मागे पडेल ही भीती मला माहीत आहे. पण मराठीत वाचता-लिहिता येणारं मूल इंग्रजी शिकू शकतं. दोन्हींत अडखळणाऱ्या मुलाचे हाल होतात.

एवढं सगळं तपासून, बघून, तरीही घरीच शिकवावं असं वाटलं, तर मी तुमच्या बाजूने आहे. घरी शिकलेली आनंदी, हुशार, कामसू मुलं मी पाहिली आहेत. म्हणून आता त्याबद्दल.

तुमच्या मुलाची कोंबड्यांची आवड ही सोन्यासारखी गोष्ट आहे. तिचं काय करता येईल बघा. आजोबांकडे एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली, की तिच्याखाली बारा अंडी ठेवायची. १२ जूनला ठेवली तर पिल्लं कधी बाहेर येतील? २१ दिवस लागतात, म्हणजे ३ जुलै. जूनचे दिवस तीस हे लक्षात घेऊन हा हिशेब त्यालाच करू द्या. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली बॅटरी धरली की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, न फळलेलं नितळ राहतं. जे दिसलं त्याचं चित्र वहीत. कोंबडी अंडी सारखी का उलटते? एकाच बाजूवर पडून राहिलं तर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून. बारापैकी नऊ पिल्लं निघाली तर तो तीन चतुर्थांश, शेकडा ७५. खाद्याचं पोतं केवढ्याला, किती दिवस पुरलं, एका पिल्लामागे खर्च किती पडला? याचा जमाखर्च तुमच्याइतका चांगला त्याला कोण शिकवणार? आणि शेवटी आजोबांना सगळी हकिगत पत्राने कळवायची, पाच ओळी का होईना, स्वतःच्या अक्षरात. यात अपूर्णांक आहेत, जीवशास्त्र आहे, व्यवहार आहे, लेखन आहे, आणि मूल पळून जात नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली तेव्हा त्यांना असंच हाताच्या कामातून पुढे जाणारं शिक्षण हवं होतं. मुलगा मोठा झाल्यावर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम अवश्य दाखवा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. वेल्डिंगपासून शेतीपर्यंत काम करता करता मुलं तिथे शिकतात.

पण कोंबड्यांतून सात आठे छप्पन्न येत नाही. पाढे, शुद्धलेखन, वाचनाचा वेग यांना रोजची उजळणी लागते. मुलाला ती कंटाळवाणी वाटणार आणि तरी ती करून घ्यावी लागणार. आवडीनुसार शिकवायचं म्हणून नावडतं सगळं वगळलं, तर दोन वर्षांनी आवडीच्या विषयातही तो पुढे जाऊ शकणार नाही, कारण खाद्याच्या पोत्यावरचं वाचायलाच अडखळेल. उजळणीची रीत मात्र चांगली निवडा. तोच धडा पाचदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते सांगणं जास्त उपयोगाचं. मग दोन-तीन दिवस जाऊ देऊन पुन्हा आठवणं. या गोष्टीला संशोधनाचा भक्कम आधार आहे आणि ती तुमच्या 'कायनेस्थेटिक' मुलाला आणि 'व्हिज्युअल' मुलीला सारखीच लागू पडते.

वेळ किती? या वयाला समोरासमोर बसून दिवसाचे दोन तास पुष्कळ झाले, तेही तुकड्या-तुकड्याने. बाकी दिवस स्वयंपाकघर, सायकल, वाचनालय, मैदान. मैदान मी मुद्दाम लिहिलं. शाळा सुटली की रोज भेटणारी मुलं सुटतात. संध्याकाळचा खो-खो, तबल्याचा क्लास, सोसायटीतली टोळी, काहीतरी ठरावीक आणि रोजचं असलंच पाहिजे. घरी शिकवणाऱ्या पालकांची 'स्वशिक्षण' नावाची संघटना आपल्या देशात आहे. आधी अशा दोन-तीन कुटुंबांना भेटा, आणि त्यांच्या मुलांशी तुमच्या मुलाला खेळू द्या.

लगेच नोकरी सोडू नका. मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवडे रोज दोन तास हे करून बघा, रजा घेऊन किंवा अर्धवेळ काम मागून. रोज रात्री एका वहीत चार ओळी लिहा: आज काय केलं, त्याला काय आलं, मी किती वेळा चिडले. तिसरा मुद्दा वगळू नका. आई आणि शिक्षिका ही दोन कामं एकाच बाईने दिवसभर करायची म्हणजे दोघांनाही एकमेकांपासून सुट्टी नाही. आणि यजमानांचं 'तुला जमेल असं वाटत असेल तर कर' हे वाक्य मला खटकलं. घरात एक पगार कमी होणार, मुलाचं शिक्षण बदलणार, आणि ते एकट्या आईला जमतंय का हे बाकीचे बघणार? गणित ते घेतील की इंग्रजी, आठवड्यातले कोणते तास त्यांचे, हे आधी ठरू द्या. त्यांचे तास ठरत नसतील तर हे सुरू करू नका.

मुलीला शाळेतच राहू द्या. तिला शाळा आवडते हे तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, पण तिच्या बाबतीत तेवढीच ओळ महत्त्वाची आहे. दोन मुलांना वेगवेगळं वागवणं यात अन्याय नाही. मुलागणिक शिक्षण वेगळं असावं, हे तर तुमचंच म्हणणं आहे.

आता कायदा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण तसं न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरच्या शिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी दारात आलं तर घाबरू नका, मुलाच्या वह्या दाखवा. म्हणूनही वह्या तारखेनिशी जपून ठेवा. परतीची वाटही आहे: याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार आणि आत्तापर्यंतची प्रगतिपुस्तकं एका फाइलमध्ये लावा. पुढे दरवेळी ती लागतील.

दहावीसाठी तीन मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवत जाता येतो. माध्यम मराठीही घेता येतं. दुसरा मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. तिथे पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षाही आहेत, त्यामुळे मधल्या वर्षांत कुठवर आलो ते कळतं. तिसरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. नियम आणि तारखा बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षी मंडळाच्या कार्यालयात जाऊन खात्री करा. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं मात्र टाळू नका. शाळा सोडून घरी शिकलेली मुंबईची एक मुलगी २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत गेली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची पदकं हाताशी असूनही बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने तिला आयआयटीत प्रवेश घेता येत नव्हता.

राहिल्या सासूबाई. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांनी पाहिलेली घरी बसलेली मुलं गरिबीमुळे किंवा नापास झाल्यामुळे बसलेली असणार, आणि त्यांच्या बाबतीत त्या म्हणतात ते खरंही असेल. म्हणून त्यांना वाद घालून काही पटवू नका. आज एवढंच सांगा की शाळा सोडायचं अजून ठरलेलं नाही, आधी त्याच्या वाचनाची आणि पोटदुखीची तपासणी करतोय. तपासणीला जाताना शक्य झालं तर त्यांनाही बरोबर न्या. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं. आणि उन्हाळ्यातल्या त्या सहा आठवड्यांत रोज अर्धा तास नातवाने त्यांना मराठी वाचून दाखवायचं, हे काम त्यांच्याकडे द्या. तो कुठे अडखळतो आणि कुठे सुधारतोय, हे त्या तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगतील.